जिन्यावरचा खडू : एलिस आयलंड, १९२४ चा कायदा आणि सुप्रजननशास्त्र

सागरगोटा

मागच्या जूनमध्ये आई पहिल्यांदा आमच्याकडे न्यू जर्सीला आली. गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नाही, पण बोटीतून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघायचाच होता. जर्सी सिटीच्या बाजूने निघालेली बोट आधी एलिस आयलंडला थांबते, म्हणून तिथे उतरलो. जहाजाने अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी पूर्वी याच बेटावर व्हायची. खाली सामान ठेवायची जुनी जागा आहे आणि तिथून वरच्या मोठ्या दालनात जिना जातो. आई कठडा धरून एकेक पायरी चढत होती. तेवढ्यात आमच्या पुढच्या गटाला माहिती सांगणारी बाई म्हणाली, "तपासणी इथेच सुरू व्हायची. डॉक्टर वर उभे राहून बघायचे, कोण धापा टाकतंय, कोण पाय ओढतंय, कोण गोंधळल्यासारखं दिसतंय." मी आईला ते मराठीत सांगितलं. ती मधल्याच पायरीवर थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे मी इथेच अडकले असते."

खरंच अडकली असती. डॉक्टरच्या हातात खडू असे. संशय आला की कोटावर अक्षर. लंगडणाऱ्याला 'एल', हृदयासाठी 'एच', डोळ्यांसाठी 'ई', गरोदर बाईला 'पीजी'. मानसिक दोषाचा संशय आला तर 'एक्स', आणि डॉक्टरची खात्री पटली तर त्याच 'एक्स'भोवती गोल. एका माणसावर काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ जात नसे. काहीजण कोट उलटा करून घालत आणि खूण लपवत, असं सांगतात.

घरी आल्यावर तो गोलातला 'एक्स' डोक्यातून जाईना. मन बिघडलंय हे लांबून बघून कुणी ठरवलं, आणि कशाच्या जोरावर? तेव्हापासून जमेल तसं वाचत आले. जे हाती लागलं ते इथे मांडते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

१८८३ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने 'युजेनिक्स' हा शब्द काढला. आपल्याकडे त्याला सुप्रजननशास्त्र म्हणतात. चांगल्या बियाण्याची पैदास वाढवावी आणि वाईट बियाणं थांबवावं, हा शेतातला हिशोब त्याने माणसांना लावला. अमेरिकेत हा विचार पोचला तेव्हा इटली, पोलंड, रशिया, ग्रीस इथून लाखो गरीब माणसं उतरत होती. बोस्टनमध्ये १८९४ साली हार्वर्डच्या तीन तरुण पदवीधरांनी स्थलांतर रोखायची संघटना काढली. हे लोक नको आहेत, हे त्यांचं आधीच ठरलं होतं. का नको याला शास्त्राचं कारण मागाहून मिळालं. मला या सगळ्या वाचनातून कळलेली मुख्य गोष्ट हीच. चाळणी आधी विणली. मग तिच्यातून काय गळतं ते मोजलं, आणि त्या मोजणीला संशोधन म्हटलं.

हेन्री गोडार्ड न्यू जर्सीतल्याच व्हाइनलँड गावी मतिमंद मुलांच्या शाळेत मानसशास्त्रज्ञ होता. १९१२-१३ मध्ये तो एलिस आयलंडला आला. त्याच्या दोन सहायक बायका रांगेत उभं राहून नुसत्या नजरेने माणसं निवडायच्या, आणि मग दुभाष्यामार्फत त्यांना बिने चाचणी, म्हणजे बुद्धिमत्ता मोजायची चाचणी, द्यायची. अटलांटिक ओलांडून, बोटीच्या तळाच्या गर्दीत दिवस काढून आलेली माणसं ही. त्यातल्या काहींनी जन्मात पेन्सिल धरली नव्हती. त्यांना एक आकृती दाखवायची, काढून घ्यायची आणि आठवून काढायला सांगायचं. १९१७ मध्ये त्याने निकाल छापला : ज्यूंपैकी ८३ टक्के, हंगेरियनांपैकी ८० टक्के, इटालियनांपैकी ७९ टक्के, रशियनांपैकी ८७ टक्के दुबळ्या बुद्धीचे. आता ही टक्केवारी किती माणसांवरून काढली ते बघा. ज्यू ३५, हंगेरियन २२, इटालियन ५०, रशियन ४५. शिवाय अगदी उघड हुशार दिसणारे आणि अगदी उघड मंद दिसणारे आधीच बाजूला काढलेले. इतक्या मूठभर माणसांवरून अख्ख्या देशाची अक्कल ठरवली.

असं असूनही एलिस आयलंडवरून शेकडा दोनच्या आसपासच माणसं परत पाठवली जात. तिथल्या सरकारी डॉक्टरांपैकी हॉवर्ड नॉक्ससारख्यांनी हे ओळखलं होतं की शाळेचं तोंड न बघितलेल्या शेतकऱ्याला शाळेतले प्रश्न विचारून काही कळत नाही. त्यांनी भाषा न लागणारी लाकडी कोडी बनवली. तिथल्या संग्रहालयात ती ठेवलेली आहेत. त्यात लाकडी चेहऱ्याचे तुकडे जुळवायचे असतात. आई काचेपाशी बराच वेळ उभी होती.

हे दोन टक्के ज्यांना कमी वाटत होते, त्यांचं ठाणं लाँग आयलंडवर कोल्ड स्प्रिंग हार्बरला होतं. चार्ल्स डेव्हनपोर्टने १९१० साली तिथे युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस काढलं. पैसा आला हॅरिमन या रेल्वेसम्राटाच्या विधवेकडून, पुढे कार्नेगी संस्थेकडून. बहुतेक तरुण मुलीच असलेल्या कार्यकर्त्या गावोगाव हिंडून घराण्यांच्या वंशावळी भरून आणायच्या : कोण वेडा, कोण दारुडा, कोण भटक्या. तिथला व्यवस्थापक हॅरी लाफलिन हा आधी मिसुरीत शेतकी शिकवणारा मास्तर.

१९२० पासून लाफलिन अमेरिकी संसदेच्या स्थलांतर समितीपुढे साक्ष देऊ लागला. समितीचा अध्यक्ष अल्बर्ट जॉन्सन याने त्याला समितीचा 'सुप्रजनन तज्ज्ञ' नेमलं. १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने मोठे तक्ते मांडले. देशातली ४४५ वेड्यांची इस्पितळं, तुरुंग, अनाथालयं, क्षयाची रुग्णालयं घेतली आणि त्यात कुठल्या देशाचे किती लोक आहेत ते मोजलं. प्रत्येक देशाला लोकसंख्येच्या प्रमाणात 'वाटा' ठरवला, आणि त्याहून जास्त भरलेला देश वाईट रक्ताचा.

घरचे हिशोब ठेवणाऱ्या कुणालाही यातली चूक दिसेल. इस्पितळातली माणसं १९२१ च्या सुमाराची आणि लोकसंख्या १९१० ची. मधल्या काळात इटलीतून लाखो आले, ते छेदात नाहीतच. स्थलांतरितांत लहान मुलं कमी आणि मोठी माणसं जास्त, आणि तुरुंगात मोठी माणसंच जातात. लाफलिनने मोजल्या त्या संस्था सरकारी. पैसेवाला आपला वेडा भाऊ तिथे कशाला ठेवेल? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या हर्बर्ट जेनिंग्ज या जीवशास्त्रज्ञाने हेच आकडे पुन्हा तपासले आणि दाखवलं की लाफलिनचे तक्ते त्याच्याच निष्कर्षाला आधार देत नाहीत. लाडक्या उत्तर-पश्चिम युरोपातल्या आयर्लंडचे आकडे तर बऱ्याच 'नको' असलेल्या देशांहून वाईट होते. समितीने जेनिंग्जला बोलावलं आणि बोलायला जेमतेम काही मिनिटं दिली. लाफलिनचे तक्ते मात्र छापले गेले.

मग २६ मे १९२४ ला राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी जॉन्सन-रीड कायद्यावर सही केली. १९२१ च्या तात्पुरत्या कायद्यात प्रत्येक देशाला, १९१० च्या जनगणनेत अमेरिकेत असलेल्या त्या देशाच्या लोकांच्या ३ टक्के, असा वर्षाचा कोटा होता. आता तो १८९० च्या जनगणनेच्या २ टक्के झाला. चौतीस वर्षं जुनी जनगणना निवडली, कारण दक्षिण आणि पूर्व युरोपातले बहुतेक लोक १८९० नंतर आले होते. इटलीचा कोटा वर्षाला ४२,०५७ वरून ३,८४५ वर आला. ग्रीसला १०० मिळाले. जर्मनीला ५१,२२७.

आणखी एक गोष्ट मला आतून हलवून गेली. लाफलिनचा आग्रह होता की तपासणी बंदरात करू नका, तिकडे, त्यांच्याच देशात करा, म्हणजे दारात रडणारी माणसं दिसणार नाहीत. १९२४ च्या कायद्याने तेच केलं. परदेशातल्या वकिलातीतून व्हिसा घेतल्याशिवाय बोटीत पाऊल ठेवायचं नाही. माझं मेडिकल मुंबईत झालं, इंटरव्ह्यू बीकेसीत. पहाटे फाइल छातीशी धरून त्या रांगेत उभी होते तेव्हा मला वाटत होतं, व्हिसा ही जगाच्या सुरुवातीपासूनची गोष्ट आहे.

---

चिंचगूळ

ताई, एका बैठकीत वाचून काढलं. जिन्यावरचा प्रसंग वाचताना माझीच आई डोळ्यांसमोर आली. प्रश्न एवढाच, की हा सगळा युरोपातल्या लोकांचा हिशोब झाला. आपल्या लोकांना यात कुठे धरलं होतं?

---

दूरदेशी

@चिंचगूळ, आपल्याला कोट्यात धरलंच नव्हतं. आपल्यासाठी दार आधीच बंद झालं होतं. १९१७ च्या कायद्याने नकाशावर आशियाभोवती एक पट्टा आखला आणि त्यातल्या लोकांना बंदी घातली. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. त्याच कायद्यात साक्षरतेची चाचणी आली आणि 'जन्मजात मानसिक हीनता' अशा अर्थाचं एक नवं कलमही.

मी वीस वर्षं बे एरियात आहे. इकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड आहे. १९१० ते १९४० तिथे पश्चिमेकडची तपासणी व्हायची. पंजाबी शेतकरी उतरले की त्यांचे शौचाचे नमुने घेत आणि हूकवर्म सापडला की परत. हा कृमी औषधाने जातो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा तो घरोघरी होता.

त्या पट्ट्याच्या आधी आपली माणसं इकडे आली होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगॉनमध्ये शेतकी शिकले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे सिॲटलला शिकायला आले, इंग्रजांविरुद्धच्या गदर या क्रांतिकारी संघटनेत गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फासावर चढले. १९१७ नंतर कामधंद्यासाठी येऊन इथे घर करणं जवळजवळ संपलं.

आणि भगतसिंग थिंद यांचा खटला. हे गृहस्थ अमृतसरकडचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. नागरिकत्व तेव्हा 'गोऱ्या' माणसालाच मिळे (आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी वेगळी तरतूद होती). नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन, तू शास्त्राप्रमाणे कॉकेशियन नाहीस. तीनच महिन्यांनी थिंद आले. त्या काळच्या वंशशास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानी कॉकेशियनच ठरत. तर त्याच न्यायालयाने, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की शास्त्र काय म्हणतं ते सोडा, सामान्य माणूस कुणाला गोरा समजतो ते बघा. तुम्ही म्हणता ती आधी विणलेली चाळणी इथे उघडी पडते.

निकालानंतर आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घेऊ लागले. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णो दास बगाई यांचं नागरिकत्व गेलं. हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायचं तर अमेरिकी पासपोर्ट मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित, अहमदाबादेत जन्मलेले. त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वावरही सरकार उठलं. ते मात्र वरच्या न्यायालयापर्यंत लढले आणि १९२६ मध्ये जिंकले.

---

गोदाकाठ

दूरदेशी, थिंद खटल्याची गोष्ट अर्धी सांगू नका. उरलेली मी सांगतो, कारण ती आम्हाला टोचते.

थिंद यांच्या बाजूने न्यायालयात काय मांडलं? की आम्ही उच्च जातीचे आर्य, आमच्यात बेटीव्यवहार जातीबाहेर होत नाही, म्हणून आमचं रक्त शुद्ध राहिलं. खालच्या जातीकडे आम्ही तसंच बघतो जसे तुम्ही नीग्रोकडे बघता, असाही सूर त्यात होता. म्हणजे दार उघडावं म्हणून आपल्या माणसाने त्या दारवानालाच सांगितलं, आम्हीही घरी हेच करतो.

माझे आजोबा नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात वेशीबाहेर राहत. कोणत्या विहिरीवर जायचं नाही हे त्यांना जन्मतःच कळलं होतं. त्यासाठी खडूची खूण लागली नाही. आडनाव पुरलं. म्हणून हा धागा वाचताना लाफलिनचे तक्ते मला परके वाटले नाहीत.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले. ज्या वर्षी गोडार्डची माणसं एलिस आयलंडला रांगेतून 'मंद' निवडत होती, त्याच वर्षी बाबासाहेब त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. आणि १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात त्यांनी हा प्रश्न सरळ अंगावर घेतला. जात म्हणजे आपलं सुप्रजननशास्त्र, असं म्हणणारे विद्वान तेव्हा होते. बाबासाहेबांनी विचारलं, जातीने निवड करून उत्तम प्रजा झाली असेल तर ती कुठे आहे? इथली दहातली नऊ माणसं लष्करी नोकरीला नालायक ठरतात, ही तुमची उत्तम प्रजा? शास्त्राला शास्त्राच्याच भाषेत उत्तर दिलं.

---

अनिकेत_पुणे

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मला दोन गोष्टी पटत नाहीत. एक, कुठल्याही देशाला आपल्या घरात कोण यावं हे ठरवायचा हक्क आहे. आपणही बांगलादेशच्या सीमेवर कुंपण घालतोच. दोन, गोडार्डच्या चाचण्या कच्च्या होत्या हे मान्य, पण पुढे पहिल्या महायुद्धात सैन्यात लाखो लोकांची बुद्धिमत्ता चाचणी झाली होती ना? तो नमुना तर मोठा होता. तेही सगळं खोटंच?

---

सागरगोटा

गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. थिंद खटल्याबद्दल वाचताना मी हा भाग घाईने मागे टाकला होता. तो माझ्या लेखात असायला हवा होता.

अनिकेत, हक्काबद्दल वाद नाही. पण तो हक्क वापरताना "आम्हाला हे लोक आवडत नाहीत" असं म्हणणं आणि "यांचं रक्तच बिघडलेलं आहे, हे आम्ही मोजलंय" असं म्हणणं यात फरक आहे. पहिलं मत उद्या बदलता येतं. दुसरं त्या माणसाच्या मुलांना आणि नातवंडांनाही चिकटतं.

सैन्याच्या चाचणीबद्दल नक्की लिहायला हवं. रॉबर्ट यर्क्सच्या देखरेखीखाली सुमारे साडेसतरा लाख जवानांना ती दिली. वाचता येणाऱ्यांसाठी आल्फा, न येणाऱ्यांसाठी बीटा. आल्फात विचारलं होतं, 'क्रिस्को' म्हणजे काय : औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाण्याचा पदार्थ? ते अमेरिकी वनस्पती तुपाच्या ब्रँडचं नाव. बीटात अपुरी चित्रं पुरी करायची. टेनिसचं मैदान आणि जाळी गायब, विजेचा दिवा आणि आतली तार गायब. सिसिलीच्या खेड्यातून आलेल्या पोराने टेनिस कुठे बघितलं असणार? आपण नॉर्वेच्या माणसाला खुंटा नसलेलं जातं दाखवावं, यात काय कमी आहे विचारावं आणि उत्तर आलं नाही की त्याच्या जातकुळीलाच मठ्ठ म्हणावं, तसं हे.

प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगमने या आकड्यांवर १९२३ मध्ये निष्कर्ष काढला की उत्तर युरोपचे 'नॉर्डिक' लोक वर आणि बाकीचे खाली. पण त्याच्याच तक्त्यात एक गोष्ट ठळक होती. जो स्थलांतरित अमेरिकेत जितकी जास्त वर्षं राहिला, तितके त्याचे गुण जास्त. वीस वर्षं काढलेल्याचे गुण इथे जन्मलेल्याच्या बरोबरीला येत. आपण म्हणू, भाषा आली, सवय झाली. ब्रिगम म्हणाला, आधी आलेले चांगल्या रक्ताचे होते आणि आता वाईट रक्त येतंय. आकडा समोर होता, पण आधी ठरवलेलं उत्तर हलेना. त्याने १९३० मध्ये स्वतःचं ते काम निराधार असल्याचं जाहीरपणे लिहिलं. गोडार्डनेही १९२८ मध्ये आपली बरीच मतं मागे घेतली. मला या दोघांबद्दल थोडा आदर वाटतो, कारण आपलं छापलेलं खोडणं सोपं नसतं. पण तोवर कायदा होऊन काही वर्षं झाली होती, आणि कायद्याने काही मागे घेतलं नाही.

मोठ्या पैशाचं स्थलांतर संशोधनही याच वाटेने सुरू झालं. १९२२ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने मानवी स्थलांतराच्या शास्त्रीय प्रश्नांसाठी समिती नेमली, तिचा अध्यक्ष हाच यर्क्स. पुढे अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांनी त्या विषयाला वेगळं वळण दिलं, पण पहिला प्रश्न "माणसं का येतात" हा नव्हता. "आलेल्यांची प्रत काय" हा होता.

---

माधवी_के

डोकी मोजून उलटं उत्तर काढणारे दोघंजण मला सांगायचे आहेत.

पहिले फ्रान्झ बोआस, कोलंबियातले मानववंशशास्त्रज्ञ. १९०७ मध्ये अमेरिकी संसदेने डिलिंगहॅम आयोग नेमला. त्याचा अहवाल १९११ पर्यंत ४१ खंडांत आला. त्यातला एक खंड बोआस यांचा. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरित आणि त्यांची मुलं मिळून अठरा हजारांच्या आसपास लोकांची मापं घेतली. कवटीचा आकार वंशाचा पक्का शिक्का मानला जायचा. बोआस यांना दिसलं की अमेरिकेत जन्मलेल्या ज्यू मुलांची डोकी आईबापांपेक्षा लांबट आणि सिसिलियन मुलांची गोलसर होतात. म्हणजे शिक्का पुसला जातो, तोही एका पिढीत. आयोगाने हा खंड छापला आणि शिफारशी करताना बाजूला ठेवला.

दुसऱ्या आपल्या इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. ज्या संस्थेत त्यांनी पीएचडी केली तिच्या नावातच मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन होतं : कैसर विल्हेल्म संस्था, १९२७ साली स्थापन झालेली. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. हा माणूस १९०८ मध्ये जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत जाऊन मिश्र वंशाच्या लोकांची मापं घेऊन आलेला. त्याला दाखवायचं होतं की युरोपीय कवटीची असमानता, म्हणजे उजवी-डावी बाजू सारखी नसणं, इतर वंशांहून वेगळी असते आणि तिचा बुद्धीशी संबंध आहे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशावंशांत असा फरक दिसत नाही. वसाहतीतून आलेली परकी मुलगी, गाइड इतका बडा, पदवी त्याच्या हातात. १९३० मध्ये त्यांनी ती मिळवली, निष्कर्ष न बदलता.

फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्याच वर्षीचा नाझी नसबंदी कायदा लाफलिनने नसबंदीसाठी लिहिलेल्या नमुना कायद्याशी बराच जुळतो, आणि १९३६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने लाफलिनला मानद डॉक्टरेट दिली. आमच्या डेक्कन कॉलेजच्या आवारातून जाताना मला दरवेळी आठवतं की इथे बसून लिहिणारी बाई त्या इमारतीतून होय ला होय न म्हणता बाहेर आली होती.

---

दक्षिणवारा

मेलबर्नहून लिहितोय. हे संपलेलं प्रकरण आहे असं समजू नका.

माझ्या बहिणीच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. तो सहा वर्षांचा. आम्ही तिला इकडे यायला सुचवत होतो, कारण तिच्या नवऱ्याच्या धंद्याला इथे मागणी आहे. पर्मनंट रेसिडेन्सीची मेडिकल अट वाचली आणि गप्प बसलो. कुटुंबातल्या एकाच्या उपचाराचा, शिक्षणाचा सरकारी खर्च ठरावीक मर्यादेपुढे जाईल असं दिसलं की अख्ख्या कुटुंबाला नकार मिळू शकतो. अपंगांविरुद्ध भेदभाव रोखणारा कायदा इथे आहे, पण स्थलांतराचा कायदा त्यातून वगळलेला आहे. २००८ मध्ये व्हिक्टोरियातल्या हॉर्शम गावच्या जर्मन डॉक्टरला मुलाच्या डाउन सिंड्रोमवरून पीआर नाकारली होती. त्या भागाला डॉक्टरची नितांत गरज होती. गाव उठलं, मंत्र्याने हात घातला, मग मिळाली. ज्यांच्यामागे गाव नाही त्यांचं काय?

आता कुणी रक्त म्हणत नाही, खर्च म्हणतात. पण ताईंचं एक मला नीट समजून घ्यायचंय. अमेरिकेत 'सरकारवर बोजा होईल' हे कलम १८८२ पासून आहे ना? मग खर्चाची भाषा आधीची की रक्ताची?

---

सागरगोटा

दक्षिणवारा, बहिणीला आणि भाच्याला माझा नमस्कार सांगा.

तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. खर्चाची भाषा आधीची. १८८२ च्या कायद्यात वेडे, मंदबुद्धी आणि स्वतःचं पोट भरू न शकणारे एकाच वाक्यात होते. सुप्रजननवाल्यांनी त्या जुन्या वाक्यात रक्त ओतलं : आजचा एक मंदबुद्धी म्हणजे उद्याचं अख्खं मंद घराणं, म्हणून खर्च कायमचा. रक्ताची भाषा बदनाम झाल्यावर वाक्य पुन्हा खर्चाकडे परतलं. म्हणून तुमच्याकडच्या नियमाला मी थेट सुप्रजनन म्हणणार नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला माणूस म्हणून न बघता पुढच्या खर्चाची रक्कम म्हणून बघणं, ही सवय तिथलीच आहे असं मला वाटतं.

---

चिंचगूळ

मग आपल्या ग्रीन कार्डच्या रांगेचं काय? माझा दीर चौदा वर्षं थांबलाय. एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाही, हा नियमही त्याच कोट्याचा वंशज?

---

सागरगोटा

मीही आधी तसंच समजत होते, पण ते खरं नाही. १९२४ चा कोटा देशादेशांत मुद्दाम भेद करणारा होता. १९६५ च्या कायद्याने तो मोडला आणि पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला सारखीच, २०,००० ची मर्यादा घातली. आजचे ७ टक्के हे त्या सारखेपणाचं पुढचं रूप. भारताइतक्या मोठ्या देशाला आणि आइसलँडला एकच माप लावलं की आपली रांग लांबते. हा अन्याय आहे, पण वेगळ्या जातीचा. दिराची चौदा वर्षं त्याने परत येत नाहीत, हे मला कळतं.

१९६५ निघालंच आहे तर इमॅन्युएल सेलर यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. ब्रुकलिनचे ज्यू वकील, १९२२ मध्ये निवडून आलेले. सभागृहात नवखे असताना त्यांनी १९२४ च्या कायद्याविरुद्ध भाषण केलं आणि हरले. १९३९ च्या जूनमध्ये 'सेंट लुई' जहाज नऊशेहून जास्त प्रवासी घेऊन फ्लोरिडाच्या किनाऱ्यापाशी आलं. त्यात बहुतेक जर्मनीतून पळालेले ज्यू. कोटा भरला होता, जहाज युरोपला परतलं. त्या प्रवाशांपैकी २५४ जण पुढे नाझींच्या संहारात मेले. तेव्हाही सेलर खासदार होते. १९४६ मध्ये लूस-सेलर कायदा आला : हिंदुस्थानींना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जणांचा कोटा. दूरदेशींनी सांगितलेली थिंद खटल्याची भिंत त्याने पाडली. आणि १९६५ चा हार्ट-सेलर कायदा, ज्याने आपण सगळे इथे आलो, त्यातले सेलर तेच. पहिल्या भाषणापासून एक्केचाळीस वर्षं त्यांनी तो धागा सोडला नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळात दर गणपतीला हजार माणूस जेवतं. या माणसाचं नाव त्यात दहा जणांनाही माहीत नसेल.

लाफलिनचं कार्यालय १९३९ च्या अखेरीस बंद झालं. त्याला स्वतःला फेफरं यायचं, हे त्याच्या सहकाऱ्यांना कळलं होतं. त्याच्या नमुना कायद्यात नसबंदी करायच्या लोकांच्या यादीत अपस्माराचे रोगी होते.

---

अनिकेत_पुणे

वीस वर्षं राहिलेल्यांचे गुण वाढतात हा मुद्दा मला माहीत नव्हता. पटला. गोडार्डच्या चाचणीत आणखी काय विचारत?

---

सागरगोटा

अनिकेत, त्यात एक प्रश्न असा होता की तीन मिनिटांत साठ शब्द सांगा, कुठलेही. अकरा वर्षांचं पोर कधी कधी दोनशे सांगतं, आणि या मोठ्या माणसांतल्या निम्म्यांनाही साठ जमले नाहीत, असं गोडार्डने आश्चर्याने लिहिलंय.

तुमचा प्रश्न वाचला तेव्हा आई ओट्यापाशी मेथी निवडत बसली होती. मी फोनवर वेळ लावली आणि काही न सांगता म्हटलं, आई, तीन मिनिटांत साठ शब्द सांग. ती म्हणाली, "कसले शब्द?" म्हटलं, कुठलेही. मेथी, देठ, टोपली, सुरी, माती, पाणी, असे बारा-पंधरा झाले. मग नातवंडांची नावं. मग "नावं चालतात का गं?" विचारून थांबली. पुन्हा सुरू झाली, तर कांडप, मुसळ, उखळ, व्हाइन, वैरण, दावं, गव्हाण. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पण तू हे कशाला विचारतेस? माझं काही चुकतंय का?" आणि गप्पच झाली. मी बोटांवर मोजत होते. एकेचाळीस झाले होते.

वेळ संपल्याचा आवाज झाला. मी तिला सगळं सांगितलं. तिने मेथी पुन्हा हातात घेतली, आणि रात्री जेवताना, झोपायला जाताना, दिवा मालवल्यावरसुद्धा मध्येच एकेक सांगत राहिली. मोट. नाडा. थारोळं. सुगी. खळं.